एका कोंबडीसाठीं इतकें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगा लागोपाठ दोन दिवस शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला तेव्हां त्याच्या हातीं वहीचें फाडलेलें एक पान होतें. त्यावर त्याच्या स्वतःच्या अक्षरांत, पण खालीं आईच्या सहीनिशीं, एवढाच मजकूर होता : "घरची कोंबडी फार आजारी असल्यामुळें येऊं शकलों नाहीं." ती चिठी आम्हीं वर्गांत मोठ्यानें वाचली. वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, पण वर्गाबरोबर आम्हीही हंसलों. "एका कोंबडीसाठीं इतकें?" असा एक शेराही आम्हीं वर मारला. मुलगा खालीं मान घालून बाकावर जाऊन बसला. तास भूमितीचा होता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज सिद्ध होईपर्यंत आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलों.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत तो मुलगा चिंचेखालीं एकटाच बसलेला दिसला. डबा उघडलेला नव्हता. जवळ जाऊन विचारपूस केली, तरी बराच वेळ तो कांहीं बोलेना. मग एकदम म्हणाला, "सर, तुम्ही काल हंसलांत ना, तेव्हां ती जिवंत होती."

ह्या वाक्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढील मजकूर लिहिण्याचें कारण तेंच वाक्य आहे. वार्षिकाच्या ह्या पानांवर थोरांचीं चरित्रें व प्रवासवर्णनें येतात, तेथें कोंबडीच्या मरणास जागा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं निम्म्यांच्या घरीं खुराडें आहे, आणि मरण म्हणजे काय हें पुष्कळ मुलें प्रथम त्या खुराड्याच्या दारांतच शिकतात. तो धडा तेथें कसा दिला जातो हा प्रश्न लहान नाहीं.

मुलाचें सांगणें तुटक होतें. तें जोडून घेतलें तें असें. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या आजीनें एक खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसविली. एकविसाव्या दिवशीं सात पिलें निघालीं. दोन घारीनें नेलीं, एक मुंगसानें, आणि तीन पावसांत गारठून गेलीं. उरलें तें एक. त्यास ऊब मिळावी म्हणून ह्या मुलानें तें चिंध्यांच्या टोपलींत घालून चुलीपाशीं ठेविलें, व अभ्यासास बसतांना सदऱ्याच्या खिशांत घेतलें. मोठेपणीं पिवळसर पिसांवरून तिचें नांव सोनी पडलें. शाळा सुटण्याच्या वेळेस ती बांधापर्यंत सामोरी येई. तिचीं अंडीं घरांत विकलीं जात, आणि त्या पैशांतून ह्याच्या वह्या येत. आजी गेल्या वर्षीं वारली. हें त्यानें मध्येंच, जणूं ह्या हकीकतीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं अशा रीतीनें सांगितलें.

आषाढाच्या शेवटीं वाडींत मानमोडी आली. पहिल्या दिवशीं सोनी पिसें फुगवून भिंतीच्या कडेस बसली व दाण्याकडे पाहीना. दुसऱ्या दिवशीं हिरवट, पातळ विष्ठा होऊं लागली. चोंच उघडून ती घरघर श्वास घेऊं लागली. मग मान एका अंगास पिळल्यासारखी वळली. दाणा टिपावयास जाई, तों चोंच भलतीकडेच पडे. मुलानें दोन दिवस व दोन रात्री तिच्यापाशीं काढल्या. आईनें लसूण व हळद दिली. शेजाऱ्यांनीं सल्ला दिला कीं, मान पुरती मोडण्यापूर्वीं सुरी घाला, निदान कालवण तरी होईल. वडिलांनीं घरांतील बाकीच्या आठ कोंबड्या, ज्या अद्याप धडधाकट दिसत होत्या, आठवड्याच्या बाजारीं नेऊन विकून टाकिल्या. मुलगा तिसऱ्या दिवशीं आईच्या आग्रहावरून शाळेंत आला, म्हणजे आमच्या हंसण्यास सामोरा गेला, आणि त्याच दुपारीं सोनी मेली. वडिलांनीं तिला उकिरड्यावर टाकिलें. संध्याकाळीं मुलानें विचारलें तेव्हां ते म्हणाले, "तुझ्या मामाकडे औषधाला पाठवली आहे." मुलगा त्या बोलण्यावर विश्वासून दिवेलागणीस विहिरीवर गेला, आणि वाटेंत त्यानें उकिरड्यापाशीं दोन कुत्र्यांच्या तोंडीं पिवळीं पिसें पाहिलीं.

"मला खरं सांगितलं असतं, सर," तो म्हणाला, "तर मी तिला पुरली असती."

त्या रविवारीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडील गृहस्थ भले. त्यांच्याविषयीं येथें एकही कडवट शब्द लिहिण्याचा आमचा अधिकार नाहीं, कारण त्यांनीं जें घरीं केलें तेंच आम्हीं शाळेंत केलें होतें. चहा झाल्यावर विषय निघाला, तेव्हां त्यांनीं अगदीं आमचेच शब्द उच्चारले : "सर, एका कोंबडीसाठीं इतकें?" आणि थोड्या वेळानें, दोरी वळतां वळतां, आमच्याकडे न पाहतांच म्हणाले, "माझ्या लहानपणीं आमचें करडूं विकलें, तेव्हां मला कुठं कोणी विचारलें होतें?" आम्हांस वाटतें, त्या वाक्यांत सर्व आलें. तीस वर्षें त्यांना त्या करडाचा विसर पडला नव्हता. आणि तरीही न विचारण्याची तीच रीत त्यांनीं मुलापर्यंत आणून पोहोंचविली होती.

आतां आमचें मत. तें असें कीं, पाळलेलें पाखरूं आजारी पडलें तर मुलास त्याची शुश्रूषा करूं द्यावी. तें मेलें तर मुलास तें त्याच दिवशीं, साध्या शब्दांत, खरें सांगावें. आणि त्याची माती मुलाच्या देखत करावी. ह्यावर जे आक्षेप येतात ते आम्हीं स्वतःही कधीं काळीं घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप, आपण कोंबडी खातों त्याचा. नाताळांत रस्सा आवडीनें ओरपावयाचा, आणि श्रावणांत एका कोंबडीसाठीं डोळे पुसावयाचे, हें ढोंग नव्हे काय? आम्ही मांसाहारी आहों, तेव्हां हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. परंतु घरोघरीं काय चालतें तें पाहा. आमच्या आईनें उभ्या जन्मांत कितीतरी कोंबड्या कापविल्या असतील. पण जी कोंबडी तिच्या हातून दाणे खाई, जी तिच्या पायांत घोटाळे, तिच्यावर सुरी चालवूं देण्यास ती कधींच राजी झाली नाहीं. पाहुणे दारीं येऊन बसले तरी ती शेजारणीकडून दुसरी कोंबडी उसनी आणी. ती कांहीं तत्त्वज्ञान शिकलेली नव्हती. जिला नांव दिलें तिच्याशीं कांहीं बोली झाली, एवढें तिला कळत होतें. मुलासही तेवढेंच कळतें. ह्या दोन गोष्टींत मेळ कसा घालावा, हा विचार तें मूल मोठेपणीं आपल्या बुद्धीनें करील; कोणी मांस सोडील, कोणी सोडणार नाहीं. आठव्या वर्षीं त्यास "मग खातोस कशाला?" म्हणून टोचणें हा युक्तिवाद नव्हे, तो निव्वळ निर्दयपणा होय.

दुसरा आक्षेप असा येतो कीं, मुलाचें मन कोंवळें असतें, त्यास मरणाचा धक्का कशाला द्यावा? मामाकडे पाठविली, रानांत उडून गेली, असें सांगितलें म्हणजे चार दिवसांत तें विसरतें. येथें आपल्याच भाषेंतली एक म्हण आठवावी. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. मूल घरांतच वावरत असतें. त्यास आईचा चेहरा दिसतो, रिकामें डालगें दिसतें, शेजारची पोरें कानाशीं येऊन सांगतात. दोन प्रहरीं झांकलेलें दिवेलागणीपर्यंत उघडें पडतें, आणि मग मुलाचें नुकसान दुप्पट होतें. कोंबडी तर गेलीच, पण बापाच्या शब्दावरचा भरंवसाही गेला. पुढें घरांतील एखादें माणूस आजारी पडून इस्पितळांत गेलें, आणि "बरें होऊन येईल हो" असें कोणी म्हणालें, तर हा मुलगा काय समजेल? आजी इस्पितळांत गेली तेव्हांही त्यास असेंच कांहीं सांगितलें होतें कीं काय, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

कांहीं शहाणे म्हणतात कीं, अशा वेळीं मूल खरोखर कोंबडीसाठीं रडत नसतें, तें आजीसाठींच रडत असतें. असेलही थोडें. परंतु ह्या शहाणपणाचा आम्हांस जरा कंटाळा येतो. कोंबडीसाठीं कां रडूं नये? दोन वर्षें रोज संध्याकाळीं बांधापर्यंत सामोरी येणारा जीव गेला आहे. आजी आजीच्या ठिकाणीं, सोनी सोनीच्या ठिकाणीं.

येथें रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण अज्ञानामुळें मुलाच्या दुःखांत एक फार वाईट भर पडते. आमच्या विद्यार्थ्यानेंही पुन्हां पुन्हां तेंच विचारलें : "मी आदल्या दिवशीं नीट पाहिलं असतं, तर वांचली असती का?" ह्याचें खरें उत्तर नाहीं असें आहे. पाखरांची जातच अशी कीं, दुखणें होईल तितकें लपवावयाचें. कळपांत दुबळा दिसला त्यास इतर पाखरें टोंचतात, व शत्रू प्रथम उचलतो. म्हणून अंगांत त्राण आहे तोंपर्यंत कोंबडी धडधाकटपणाचें सोंग करते. पिसें फुगवून ती कोपऱ्यांत बसलेली आपणांस दिसते, तेव्हां रोग बहुधा बराच पुढें गेलेला असतो.

आणि मानमोडीवर औषध नाहींच. हा रोग १९२६ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल शहराजवळ व जावा बेटांत, आणि १९२७ सालीं आपल्याकडे हिमालयाच्या पायऱ्यांवरील राणीखेत येथें ओळखला गेला. म्हणून जगांत त्यास न्यूकॅसलचें, व आपल्या देशांत राणीखेतचें नांव पडलें. गांवाला ह्या नांवाचा फारसा आनंद झाला नसावा. त्याचें कारण एक विषाणू आहे. लसूण, हळद, किंवा दुकानांतून आणलेली माणसाची गोळी, ह्यांपैकीं कशानेंही तो मरत नाहीं. विष्ठेवाटें, श्वासावाटें, माणसांच्या पायांस लागलेल्या घाणीवाटें तो एका खुराड्यांतून दुसऱ्यांत जातो, आणि लस नसलेल्या कळपांत शिरला म्हणजे बहुतेक सर्व कळप घेऊन जातो. जें हातांत आहे तें रोगाच्या आधीं, लशीच्या रूपानें. पिलूं आठवड्याचें होण्याच्या सुमारास डोळ्यांत किंवा नाकांत एक थेंब, आणि पुढें आठव्या आठवड्याच्या आगेंमागें टोचून दुसरी मात्रा, असा साधारण क्रम आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारलें म्हणजे नक्की दिवस सांगतात.

लस ह्या कल्पनेशींच कोंबडीचें एक जुनें नातें आहे, तें मुलांना सांगण्यासारखें आहे. फ्रान्सचे लुई पाश्चर हे १८७९ सालीं कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टींत प्रयोगशाळेंतील रोगजंतूंचा रस तसाच पडून शिळा झाला. तो टोचला तेव्हां कोंबड्या थोड्याशा आजारी पडल्या, पण मेल्या नाहींत. आणि पुढें त्यांनाच ताजा, जालीम रस टोचला तरी त्या तगल्या. रोगजंतूला प्रयोगशाळेंत दुर्बल करून त्याच्याच योगें रोगास अटकाव करण्याची विद्या तेथून वाढली. आपल्या देशांतील जनावरांच्या रोगांची पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यांतच निघाली, व १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेली; त्याच मुक्तेश्वरीं १९४० नंतरच्या दशकांत मानमोडीवरील टोचण्याची लस तयार झाली. म्हणजे ज्या डोंगरी मुलखानें रोगास नांव दिलें, त्याच मुलखांतून लसही आली. आमच्या विद्यार्थ्याच्या वाडीपासून तालुक्याचा दवाखाना सहा मैलांवर आहे. ते सहा मैल चालून जाण्याचें कोणाला सुचलें नव्हतें, एवढीच काय ती उणीव. ती त्या दहा वर्षांच्या मुलाची नव्हे.

शुश्रूषा करूं द्यावी असें आम्ही म्हणतों, तेव्हां अंगणांत आजारी कोंबडीस कवटाळून बसूं द्यावें असें म्हणत नाहीं. तिला प्रथम इतरांपासून वेगळें, आडोशाला, कोरड्या व उबदार जागीं ठेवावें. आधीं चांगल्या कोंबड्यांना दाणापाणी करावें आणि मग आजारीकडे जावें, उलट कधींही नाहीं. पाणी समोर ठेवावें, चोंच ओली करावी. पण बळें घशांत ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जाऊन ती गुदमरते. प्रेमानें केलेल्या ह्या एका चुकीनें कित्येक कोंबड्या रोगाच्या आधींच जातात. हात साबणानें धुवावे, तोंडाशीं तोंड नेऊं नये. मानमोडीच्या विषाणूनें माणसाचे डोळे येतात, आणि पाखरांचे कांहीं रोग ह्याहून पुष्कळ भयंकर आहेत. २००६ च्या फेब्रुवारींत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हां लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. मोठ्या कारखानदारांच्या तर गेल्याच, पण घरोघरच्या परसांतल्याही गेल्या. त्यांत किती सोन्या असतील, आणि सरकारी माणसें पोतीं घेऊन दारांत उभीं राहिलीं तेव्हां किती मुलें खाटेखालीं डालगें लपवून बसलीं असतील, ह्याचा हिशेब कोठें लिहिलेला नसावा. तें मारणें आवश्यक होतें, असेंच आम्ही म्हणूं. परंतु आवश्यक असलेली गोष्टही मुलास समजावून सांगतां येते. एकाच वेळीं बऱ्याच कोंबड्या पटापट मरूं लागल्या, तर कोणाचाही संकोच न धरतां दवाखान्यास कळवावें, आणि मुलांस त्या खुराड्यापासून दूर ठेवावें. तेथें शुश्रूषेचा हट्ट चालत नाहीं.

पुष्कळदां असें होतें कीं आशा उरत नाहीं, आणि जीवही जात नाहीं. मान पिळलेली, पाय लुळे, पाण्यापर्यंत चोंच पोंचत नाहीं, अशा स्थितींत पाखरूं दोन दोन दिवस काढतें. अशा वेळीं जाणत्या पशुवैद्यानें तिचे हाल संपवावे, ह्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. मुलानें तें पाहण्याची गरज नाहीं. पण तें झालें हें त्यास ठाऊक असावें, आणि आधीं ठाऊक असावें, म्हणजे निरोप घेतां येतो. मात्र आजारी कोंबडीवर सुरी घालून तिचें कालवण करण्याचा जो सल्ला वाडींत मिळाला, तो आम्हांस सर्वथैव त्याज्य वाटतो. कापतांना रक्ताची व पिसांची घाण चहूंकडे उडते व रोग पसरतो, हें एक. आणि ज्या मुलानें दोन रात्री जागून काढल्या, त्याच्या ताटांत तें वाढावयाचें, हें दुसरें. त्याविषयीं अधिक लिहवत नाहीं.

त्या आठ कोंबड्यांचा विषय आम्हीं जाणून मागें ठेविला होता. त्या बाजारांत गेल्या. घेणाऱ्यांनीं त्या आपापल्या घरीं नेल्या, आपल्या खुराड्यांत सोडल्या. पुढच्या पंधरवड्यांत कोणाकोणाच्या वाडींत मानमोडी शिरली, आणि ती ह्याच कोंबड्यांबरोबर गेली कीं नाहीं, हें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. परंतु विकणाराला घरांत रोग आहे हें माहीत होतें, आणि घेणाराला नव्हतें. गरिबाच्या घरीं आठ कोंबड्या म्हणजे शाळेची फी, कंदिलाचें तेल, पावसाळ्यांतील एखादा औषधपाण्याचा खर्च. तें नुकसान मुकाट्यानें सोसा, असें उपदेश करण्यास पगारदार मास्तराचें काय जातें! हें आम्ही जाणतों. तरीही ज्या दिवशीं आम्हीं वडिलांशीं बोललों, त्या दिवशीं त्यांचा चेहरा ह्याच गोष्टीवर पडला. सोनीच्या गोष्टीवर नव्हे. ते म्हणाले, "तो घेणारा माणूस ओळखीचा आहे." आम्हीं कांहीं बोललों नाहीं. मुलाशीं लपवालपवी व बाजारांतली लपवालपवी ह्या दोन्ही एकाच दिवशीं, एकाच घरीं झाल्या होत्या, आणि मुलगा दोन्हीं पाहत होता.

पुरण्याचेंही तसेंच आहे. दीड-दोन हात खोल खड्डा, खालीं-वर चुन्याचा थर, वर माती दाबून दोन दगड, म्हणजे कुत्रें उकरणार नाहीं. रोगी पाखराची विल्हेवाट अशीच लावावी असें दवाखान्यांतला माणूस सांगतो, रोग थांबावा म्हणून. आणि मूलही हेंच मागत असतें, तें वेगळ्या कारणानें. इतक्या अल्प खर्चांत दोघांचें समाधान करणारी दुसरी गोष्ट आम्हांस ठाऊक नाहीं. मुलानें फुलें ठेविलीं तर ठेवूं द्यावीं. हंसूं नये.

वडिलांशीं आमचें बोलणें चाललें असतां त्या मुलाची धाकटी बहीण उंबऱ्याशीं उभी राहून ऐकत होती. तिनें विचारलें, "सर, सोनी स्वर्गांत गेली का?" आम्ही शाळेंत शास्त्र शिकवितों, आणि रविवारीं मुलांचा वर्गही घेतों; दोन्हीं ठिकाणीं उत्तरें देण्याची आम्हांस संवय आहे. तेथें मात्र आम्हीं सांगितलें कीं, आम्हांस माहीत नाहीं. एवढें माहीत आहे कीं, प्रभूला आपल्या लोकांविषयींची माया बोलून दाखवावयाची होती तेव्हां त्यानें पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला घेतला. गरुडाचा घेतला नाहीं. मुलीस तें पुरेसें वाटलेलें दिसलें. ती लगेच अंगणांत पळाली. मोठ्यांना इतक्यावर भागत नाहीं.

आणखी एक. मुलाचें रडें थांबावें म्हणून दुसऱ्याच दिवशीं बाजारांतून नवें पिलूं आणण्याची घाई करूं नये. रिकामी झालेली पाटी बदलून दुसरी ठेवावी तसा हा व्यवहार नाहीं. मुलास त्यांतून एवढेंच कळतें कीं गेलेल्याची किंमत नवें आलें म्हणजे संपते. शिवाय खुराड्याच्या मातींत व भिंतींत तो रोग आठवडे आठवडे दबा धरून असतो. जुनें गवत जाळून, जमीन खरवडून, चुना मारून, खुराडें कांहीं काळ उन्हांत उघडें टाकावें लागतें. तो काळ त्या खुराड्यालाही हवा असतो आणि मुलालाही.

आमच्या चुकीचें काय केलें तें सांगून थांबतों. पुढील सोमवारीं पहिल्या तासाच्या आरंभीं आम्हीं वर्गास सांगितलें कीं, त्या दिवशीं चिठी मोठ्यानें वाचण्यांत व हंसण्यांत आमची चूक झाली. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरील एक धिप्पाड मुलगा, ज्याची उभ्या शाळेस दहशत आहे, तो म्हणाला कीं, त्याचा पोपट गेला तेव्हां तो दोन दिवस जेवला नव्हता. दुसऱ्यानें कुत्र्याचें सांगितलें, तिसऱ्यानें शेळीचें. त्या दिवशीं भूमिती झाली नाहीं; अभ्यासक्रम आठवडाभर मागें पडला, आणि मुख्याध्यापकांस त्याचें कारण द्यावें लागलें.

नाताळच्या सुट्टीनंतर त्या घरीं चार पिलें आलीं. वडिलांनीं तीं स्वतः जाऊन आणलीं, आणि येतांना दवाखान्यांत विचारूनही आले. गेल्या आठवड्यांत मुलानें पुन्हां एक चिठी आणली. ह्या वेळीं सही वडिलांची होती : "कोंबड्यांस दुसरी लस टोचून घेण्यासाठीं अर्ध्या दिवसाची रजा मिळावी." आम्हीं ती मनांतल्या मनांत वाचली आणि रजा दिली.